विसण

मराठीत 'विसण' असा एक लहानसा शब्द आहे. आमच्यानंतरच्या पिढीला तो आता समजावून सांगावा लागतो. बंबातले पाणी कढत निघाले की ते अंगाला सोसवेल इतके निवावे म्हणून त्यात जे थंड पाणी घालावयाचे, ते विसण. 'पाण्यात विसण घातलेस का?' हा प्रश्न लहानपणी सकाळच्या प्रहरी घरात इतक्या वेळा ऐकू येई की, भूपाळीप्रमाणेच तो आम्हांला पहाटेचा एक भाग वाटे. पुढे बंब गेले, घंगाळे गेली आणि त्यांच्यामागून तो शब्दही निघून गेला. मला तो पुन्हा भेटला हुबळीच्या एका दुकानात, न्हाणीघराच्या तोट्यांनी चकाकणाऱ्या भिंतीपुढे मी गोंधळून उभा असताना. तो त्या वेळी भेटला नसता, तर पुष्कळ पैसे मोजून मी भलतीच वस्तू घरी घेऊन आलो असतो.

आमचे घर धारवाडच्या माळमड्डीत. वडिलांनी घेतले तेव्हा ते कौलारू होते. पुढे कौले उतरून गच्ची झाली. न्हाणीघर मात्र जुन्या रीतीप्रमाणे घराच्या अगदी मागच्या टोकाला, परसातल्या विहिरीला लागून राहिले. त्या रचनेत त्या काळी मोठे शहाणपण होते. पाणी दोन पावलांवर, लाकडे हाताशी आणि धूर घराबाहेर. न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचा हंडा कायमचाच बसवलेला असे. आई माहेरची अंकोल्याची. तिकडे त्याच भांड्याला 'भाण' म्हणत आणि त्याखाली नारळाची सोडणे नि सुक्या झावळ्या जाळीत. नरकचतुर्दशीच्या आदल्या सायंकाळी पाणी भरण्याचा सण असे. आमचे कानडी शेजारी ज्याला 'नीरु तुंबुव हब्ब' म्हणतात तोच. त्या दिवशी हंडा चिंचेने घासून लख्ख करावयाचा, भोवती रांगोळी काढावयाची, त्याच्या गळ्यात फुलांची माळ घालावयाची आणि मग विहिरीचे ताजे पाणी त्यात ओतावयाचे. देवघरातल्या कलशाला जो मान, तोच त्या एका संध्याकाळी न्हाणीतल्या हंड्याला मिळे.

आम्हां पाच भावंडांच्या पाण्यात विसण घालण्याचे काम आईचे. कढत पाणी घंगाळात काढून ती त्यात थंड पाणी ओती, हाताचे कोपर बुडवून पाही, पुन्हा थोडे ओती आणि मगच 'चल' म्हणे. बोटांना घरकामाने घट्टे पडलेले असत. कोपराची कातडी मात्र खरे सांगते, असे तिचे म्हणणे. तिच्या हाताखालून गेलेले पाणी कधी कुणाला पोळल्याचे मला आठवत नाही.

पुढे वीजबंब आला आणि त्यानंतर गच्चीवर सौर बंब आला. परसात वडिलांनी लावलेला आंबा आता गच्चीच्या मागच्या भागावर दिवसभर सावली धरतो. म्हणून सौर बंब पुढच्या बाजूला, रस्त्याकडच्या कठड्याजवळ बसवावा लागला. तिथून निघालेली पाऊण इंची लोखंडी नळी आधी पुढच्या न्हाणीघरात, तिथून स्वयंपाकघरात आणि मग घराच्या उत्तरेच्या भिंतीवरून वळसा घालून मागे आईच्या न्हाणीघरापर्यंत गेली. त्यामुळे तिच्या न्हाणीघरात गरम पाणी नेहमीच उशिरा येई. 'येते हळूहळू,' असे आम्ही म्हणत असू. घरातल्या जुन्या खोडीकडे माणूस ज्या डोळ्यांनी पाहतो, त्याच डोळ्यांनी आम्ही तिच्याकडे पाहत होतो.

आईने आता पंच्याऐंशी ओलांडली आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा खांदा आखडला. तांब्या उचलून पाणी घेणे जमेना, तेव्हा डॉक्टरांनी स्टुलावर बसून शॉवरखाली स्नान करण्याचा सल्ला दिला. एकाच दांडीने गरम-थंड पाणी मिसळणारी साधी तोटी तिथे होतीच. दांडी कुठे धरली म्हणजे पाणी बरोबर लागते, ती जागा आमच्या सौभाग्यवतींनी दोन-तीन दिवस स्वतः पाहिली आणि तिथे नखरंगाची एक लाल खूण केली. 'दांडी ह्या खुणेवर ठेवा आणि निश्चिंत बसा,' असे तिने आईला सांगितले. आम्हीही निश्चिंत झालो.

चैत्र संपता संपता एके दिवशी आईच्या डाव्या खांद्याला तेल लावताना सौभाग्यवतींना तिथे तळहाताएवढी लाल कातडी दिसली. ती दोन दिवसांची होती. विचारले तेव्हा आई म्हणाली, "म्हाका कांय जावंक ना." कांही झाले नव्हते म्हणावे तर ती स्टुलावरून उठताना भिंत धरीत होती. हळूहळू सगळे कळले. खुणेवर दांडी ठेवून ती बसली होती. बराच वेळ गारच पाणी येत राहिले. आज ऊन कमी पडले असेल, असे समजून तिने दांडी पूर्ण गरमाच्या बाजूला ढकलली. आणि थोड्याच वेळात सौर बंबातले पाणी जसेच्या तसे तिच्या खांद्यावर आले. दचकून मागे सरताना स्टूल हलले. ती पडली नाही, एवढेच दैवाचे देणे.

हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आला तो राग, आणि तोही आईवरच. पाणी गार येत होते, तर ती त्याखाली बसली कशाला? ते गरम होईपर्यंत बाजूला थांबायला काय झाले होते? पण ही गोष्ट तिला त्या क्षणी विचारण्याइतका निर्दय मी झालो नाही. दुसऱ्या दिवशी नवी तोटी आणण्यासाठी मी हुबळीला गेलो.

दुकानदार गृहस्थ बोलके होते. त्यांनी मला चार प्रकार दाखवले. पहिला जुन्या धर्तीचा, दोन चाकांचा. एक गरमाचे, एक थंडाचे, आणि मेळ घालणे आपल्या हाती. दुसरा आमच्याकडे होता तसा एका दांडीचा. ह्या प्रकाराची जन्मकथा मी पूर्वी वाचलेली होती. अमेरिकेत १९३७ साली आल्फ्रेड मोएन नावाच्या विद्यार्थ्याचा हात दोन चाकांच्या नळाखाली पोळला, आणि त्या पोळण्यातून त्याला एका दांडीच्या नळाची कल्पना सुचली. तो नळ बाजारात येण्यास १९४७ साल उजाडले. तिसरा प्रकार दाब सांभाळणारा. घरात कुणी दुसरा नळ उघडला आणि थंड पाण्याचा जोर एकाएकी कमी झाला, तर आतले एक सरकते दांडके गरमाचाही जोर तितकाच कमी करते. चौथा प्रकार सर्वांत महाग. त्याला थर्मोस्टॅटिक मिक्सर म्हणतात. त्याच्या पोटात मेणाची एक लहानशी कुपी असते. पाणी तापले की मेण फुगते आणि गरमाची वाट आवळते. निवले की आकसते आणि ती वाट मोकळी करते. मोटारीच्या इंजिनातील पाणी ठराविक उष्णतेवर ठेवणारा थर्मोस्टॅटही ह्याच तत्त्वावर चालतो. चकतीवर ३८ अंशांपाशी एक अडसर असतो. एक कळ मुद्दाम दाबल्याखेरीज चकती त्यापलीकडे फिरत नाही. आणि काही कारणाने थंड पाणी अजिबात बंद पडले, तर हा मिक्सर गरमही बंद करतो.

"हा घ्या," दुकानदार म्हणाले, "गरम पाणी लगेच येईल."

मी पाकीट काढणार तोच मला त्यांच्या शेवटच्या वाक्याचे नवल वाटले. मेणाची कुपी पाणी मिसळील हे समजले. पण जे पाणी अजून तोटीपर्यंत आलेच नाही, ते ती कोठून आणील? तेव्हा मला आईचे कोपर आठवले, घंगाळ आठवले आणि तो शब्द आठवला. ह्या चारही वस्तूंचे काम एकच होते: विसण घालणे. हंड्यात गरम पाणी असल्यावाचून विसण कशात घालणार? आमच्या घरात दुखणी दोन होती. एक पाणी उशिरा येण्याचे आणि दुसरे ते आल्यावर पोळण्याचे. पहिल्याचे औषध त्या भिंतीवर नव्हते. मी 'विचार करून येतो' म्हणून उठलो.

घरी येऊन मी टेप घेतली आणि नळी मोजली. सौर बंबापासून आईच्या तोटीपर्यंत ती बावीस मीटर भरली. पाऊण इंची लोखंडी नळीच्या एका मीटरात सुमारे ०.३५ लिटर पाणी मावते. म्हणजे बावीस मीटरांत साडेसात लिटरांहून थोडे अधिक. रात्रभर निवलेले हे पाणी बाहेर पडल्यावाचून त्यामागचा गरम थेंब पुढे येऊच शकत नाही. त्यातून लोखंड स्वतः तापण्यासाठी आणखी काही उष्णता खाते, ते निराळेच.

पण खरा धडा मला पुढच्या हिशेबाने दिला. आमचा शॉवर मिनिटाला सुमारे सहा लिटर पाणी सोडतो. दांडी पूर्ण गरमाकडे असेल, तर साडेसात लिटर सव्वा मिनिटात निघून जातील. परंतु टाकीतले पाणी २५ अंशांचे, बंबातले ६५ अंशांचे आणि आपल्याला हवे ३८ अंशांचे असेल, तर मिश्रणात गरमाचा वाटा जेमतेम एक तृतीयांश असतो. लाल खूण नेमकी त्या जागी होती. म्हणजे आई दांडी खुणेवर ठेवी तेव्हा गरम नळीतून मिनिटाला दोनच लिटर पाणी सरके, बाकीचे चार सरळ टाकीतून येत. नळी रिकामी होण्यास चार मिनिटे लागत आणि तेवढ्या वेळात वीस-बावीस लिटर गार पाणी वाहून जाई. ज्या खुणेने तिला सुख द्यावयाचे, त्याच खुणेने तिचे थांबणे तिप्पट केले होते. चार मिनिटे गारठल्यावर माणूस दांडी पुढे ढकलणारच. आणि तिने ती ढकलली तेव्हा उकळते पाणी अगदी दाराशी येऊन उभे होते. दोष तिचा नव्हता. आम्ही केलेल्या त्या खुणेचा होता.

ह्या हिशेबातून त्या महागड्या मिक्सरचा एक गुण ध्यानात आला, जो दुकानदारांनीही सांगितला नव्हता. त्याच्या पोटातले मेण गार असते तोवर तो थंडाची वाट जवळजवळ बंद ठेवतो आणि सगळे पाणी गरमाच्याच नळीतून ओढतो. गरम आले की मेण फुगते आणि मग तो थंडाची वाट उघडतो. म्हणजे तो पाणी लवकर निर्माण करीत नसला, तरी त्याची वाट अडवूनही बसत नाही. शहाणा गृहस्थ पाहुणा येईपर्यंत वाटेतली मंडळी बाजूला करतो, तसा त्याचा व्यवहार. उलट दाब सांभाळणाऱ्या मिक्सरला पाणी गरम की गार ह्याची कल्पनाच नसते; त्याला फक्त जोर कळतो. आमचे गरम नि थंड दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीतून उतरते, जोर कमी-जास्त झाला तरी दोन्हींचा जवळजवळ सारखाच होतो. तेव्हा ती विद्या आमच्या विशेष उपयोगाची नव्हती.

आमचे नळकाम करणारे मेस्त्री कानडी. कामापेक्षा कमी बोलणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते आले, त्यांनी गच्ची पाहिली, भिंत पाहिली, तोटी सोडून हात धरून उभे राहिले आणि मी काही विचारण्यापूर्वीच म्हणाले, "सर, नीर दूरिंद बरतैति." पाणी लांबून येते.

त्यांनी सांगितले ते एवढेच; पण ते वाक्य माझ्या मनात रेंगाळत राहिले. आमच्या घरात पाणी खरोखरच लांबून येते. एकेकाळी धारवाडला केळगेरीच्या तलावाचे पाणी असे. हुबळीची तहान उणकलच्या तलावाने आणि पुढे नीरसागराने भागवली. १९६२ साली दोन्ही शहरांची एक महानगरपालिका झाली. शहरे वाढत गेली तसे तलाव पुरेनात, तेव्हा सौंदत्तीजवळच्या नवीलुतीर्थाच्या धरणातून मलप्रभेचे पाणी आणावे लागले. जिच्या दर्शनाला लक्षावधी लोक सौंदत्तीच्या डोंगरावर जातात, त्या रेणुकेचेच नाव त्या जलाशयाला आहे. तिथले पाणी अम्मिनभावीला शुद्ध होऊन आमच्याकडे येते. आणि ती मलप्रभा उगम पावते ती खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, माउलीच्या देवळापाशी. म्हणजे आमच्या तोटीतून गार म्हणून वाहून जाणारा प्रत्येक थेंब एका देवीच्या दारातून निघून दुसऱ्या देवीच्या पायथ्याशी विसावून आलेला असतो.

ह्या पाण्याचे भांडणही आपल्या वाचकांना परके नाही. मलप्रभेत भर घालण्यासाठी म्हादईच्या कळसा आणि भंडुरा ह्या नाल्यांचे पाणी वळवावे, असे इकडचे म्हणणे; आमची नदी सुकेल, असे गोव्याचे. २०१८ साली लवादाने पिण्यासाठी ह्या दोन नाल्यांचे मिळून ३.९ टीएमसी पाणी कर्नाटकाला मान्य केले, तरी वाद मिटलेला नाही. आम्ही तर दोन्ही बाजूंचे: तहान इकडची आणि कुलदैवत तिकडचे. उन्हाळ्यात देवीच्या दर्शनाला फोंड्याकडे गेलो असता मी मावसबहिणीला आमच्या न्हाणीघराची ही कथा सांगितली. रोज वीस लिटर वाहून जाते, हे ऐकताच ती हसत पण टोचून म्हणाली, "आमच्या म्हादयचें उदक तुमी अशें व्हांवूक सोडटात?" म्हादईचा थेंब अजून आमच्या नळाला आलेला नाही, असे मी तिला सांगू शकलो असतो. पण जो माणूस हातातले वीस लिटर मोरीत सोडतो, त्याने नदी मागताना आवाज खाली ठेवावा, हे मला त्या क्षणी पटले आणि मी गप्प बसलो.

परत आल्यावर एका संध्याकाळी मी आईला तो राहून गेलेला प्रश्न विचारला. गार पाणी येत असता तू त्याखाली बसतेस कशाला?

आई जपमाळ ओढीत होती. ती थांबली आणि मी काही तरी वेडगळ बोललो असावा, तशी तिने माझ्याकडे पाहिले. "बरें उदक तें, पुता," ती म्हणाली, "मोरयेंत कित्याक सोडचें?"

मग ती बोलू लागली. लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा चैत्र-वैशाखात परसातली विहीर तळ दाखवी. पोहरा खरवडून वर येई. मग रात्री-अपरात्री सार्वजनिक नळापाशी कळशी घेऊन बसावयाचे. अंकोल्याला विहिरीत डोकावले की स्वतःचा चेहरा दिसे, आणि इथे कळशीच्या तळाशी जेमतेम चंद्र दिसे, अशा तऱ्हेने तिचे दिवस गेले. त्या बाईला चांगले पाणी चार मिनिटे डोळ्यांदेखत मोरीत जाऊ देणे जमत नव्हते. बादलीत धरावे, तर आखडलेल्या खांद्याने बादली सरकवता येईना. आणि सुनेला हाक मारून रोज बादली उचलावयास लावणे तिच्या मनाला येईना. तेव्हा तिने आपल्यापुरता मार्ग काढला होता. पाणी वाया घालवावयाचे नाही, त्याखाली बसावयाचे. गार असेल तर गारच अंगावर घ्यावयाचे. पौष-माघातल्या तिच्या खोकल्याचे कारणही मला त्या संध्याकाळी समजले. हिवाळाभर आम्ही तिला काढे देत होतो, आणि ती रोज पहाटे आमच्या नळीतले रात्रभराचे शिळे पाणी आपल्या अंगावर रिते करीत होती.

ह्या गोष्टीने माझा विचार पक्का झाला. आईला थांबावयास शिकवणे हा उपाय नव्हता. तिचे थांबणेच उरणार नाही, असे करणे हाच उपाय होता. आणि तरीही पोळण्याची भीती पूर्णपणे गेली पाहिजे होती. कारण ६० अंशांचे पाणी प्रौढ माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत खोल भाजते आणि म्हातारपणी कातडी पातळ झालेली असते, मागे सरण्याची चपळाईही कमी झालेली असते. वीजबंबाचा काटा आपण खाली आणू शकतो. सूर्यनारायणाला काटा नसतो. वैशाखात तो देतो ते पाणी ७० अंशांच्याही वर जाते आणि आषाढात त्याच बंबातून कोमट पाणी निघते.

मुलाने पुण्याहून फोनवर सुचवले की, परदेशांत असतो तसा लहान पंप बसवून गरम पाणी नळीतून सतत फिरते ठेवावे. पण त्यात वीजही जाते आणि नळीवाटे उष्णताही जाते. सूर्याकडून फुकट मिळालेले दिवसभर उधळण्यासारखे ते होईल. सौभाग्यवतींनी सुचवले की, आईच्या न्हाणीघरात तीन लिटरांचा लहान वीजबंब लावावा. ते वाईट नव्हते. पण तो पाण्याबरोबर विजेवरही अवलंबून. मेस्त्रींनी मात्र गच्चीवर उभे राहून हाताने हवेत एक सरळ रेघ ओढली. पुढच्या न्हाणीघराला आणि स्वयंपाकघराला जुनी नळी राहू द्यावी. आईसाठी स्वतंत्र अर्धा इंची नळी गच्चीवरून सरळ मागे न्यावी आणि तिला फेसाळ रबराचे वेष्टन द्यावे. मी टेप लावली. अकरा मीटर. त्या जातीच्या अर्ध्या इंची प्लास्टिक नळीत मीटरमागे ०.१२ लिटर पाणी मावते. म्हणजे सगळे मिळून सव्वा लिटरच्या आसपास.

मग राहिली तोटी. थर्मोस्टॅटिक मिक्सरच घ्यावयाचा हे ठरले, तरी मेस्त्रींनी एक अडचण दाखवली आणि ती आपल्याकडे घर बांधणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. टाकी शॉवरपेक्षा दहा मीटर उंच असेल तेव्हा पाण्याला एक बार दाब मिळतो. आमच्यासारख्या बैठ्या घरात ती उंची तीन मीटर भरते, दाब ०.३ बार. दुकानातल्या पुष्कळशा मिक्सरना एक बार किंवा त्याहून अधिक दाब लागतो. तो न मिळाला तर राजेशाही किमतीच्या वस्तूतून रडके पाणी येते. म्हणून खोक्यावरचा कमीतकमी दाबाचा आकडा आधी वाचावयाचा आणि रंगरूप मागाहून पाहावयाचे. मी तीन दुकाने फिरलो. अखेर ०.२ बारवर चालणारा एक मिक्सर मिळाला. तो दिसावयास ओबडधोबड होता आणि दुकानदारांनी तो काहीशा नाखुशीनेच काढून दिला. आमच्या बोअरवेलचे पाणी जड आहे. त्याचा क्षार मेणाच्या कुपीवर बसू नये म्हणून दोन्ही वाटांवर जाळ्या बसवल्या. त्या दर तीन महिन्यांनी धुवावयाच्या, असे पंचांगातच लिहून ठेवले आहे. अडसर ३८ अंशांवर आहे की नाही, ते मी तापमापक धरून तपासले आणि त्यापलीकडे नेणारी कळ मेस्त्रींकडून बंद करून घेतली.

काम धारवाडच्या पावसात रखडत चालले. भिंत वाळेना, फरशी बसेना. तेवढे दिवस सौभाग्यवती रोज सकाळी बादलीत पाणी काढून आईला स्नान घालीत. मी एकदा दारावरून जाताना पाहिले, ती बादलीत कोपर बुडवून पाहत होती. हे तिला कुणी शिकवले नव्हते. निदान शब्दांनी नव्हते.

दिवाळीच्या आधी आठ दिवस सगळे संपले. त्रयोदशीच्या संध्याकाळी आईने माळ्यावरचा जुना तांब्याचा हंडा खाली काढावयास लावला. तो चुलीवर चढणार नव्हता. पण चिंचेने घासून, रांगोळी काढून, गळ्यात झेंडूची माळ घालून तिने तो नव्या मिक्सरखाली भरवला. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगाला तेल लावून ती स्टुलावर बसली. चकती तिने स्वतः फिरवली. मी दाराबाहेर घड्याळ घेऊन उभा होतो, हे कबूल करतो. वीस-बावीस सेकंद झाले असतील, आतून आवाज आला, "उदक हून जालें." त्या दिवशी तिने पुष्कळ वेळ स्नान केले.

ह्या गोष्टीला आता वर्ष होत आले. मागच्या पौषात आईला खोकला झाला नाही. त्याचे श्रेय मी तोटीला देत नाही आणि नळीलाही देत नाही, पण मनातल्या मनात दोघांना वाटून देतो. कुणी न्हाणीघराच्या तोटीविषयी सल्ला विचारला की मी आधी टेप आणावयास सांगतो. नळी मोजा, टाकीची उंची मोजा, तोटी मागाहून. आणि घरात कुणी म्हातारे माणूस असेल तर त्याला विचारा की, गार पाणी येत असता तुम्ही काय करता. उत्तर मिळेलच असे नाही. पण विचारल्यावाचून ते मिळत नाही, एवढे मात्र मी शिकलो.

एक गोष्ट मात्र आईने सोडलेली नाही. चकती फिरवली की ती पहिल्यांदा डावे कोपर पुढे करते. मेणाच्या कुपीवर तिचा अविश्वास आहे असे नाही. पण पाण्याची ओळख करून घेतल्यावाचून ते अंगावर घेऊ नये, अशी तिची रीत आहे. आणि गरम येईपर्यंत जे पाणी येते ते ती अजूनही मोरीत जाऊ देत नाही. आता बादलीची गरज उरलेली नाही. शॉवरखाली तिने पितळेचा एक मोठा तांब्या ठेवला आहे. सव्वा लिटर पाणी त्यात बरोबर मावते. आणि स्नान आटोपून बाहेर आल्यावर ती ते डाव्या हाताने तुळशीला घालते.